सासूबाई आणि पाइपातून येणारी झुरळं

माझ्या सासूबाईंची उभी हयात बसच्या कंडक्टरकीत गेली. नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी जिन्यात सामान घेऊन कोंडाळं करून उभ्या असलेल्या हमालांना त्यांनी "मधे थांबू नका, वर चला" असं काही सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका कामधाम टाकून आपापल्या घरात गेल्या. उंचीने म्हणाल तर जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. पण गर्दीत उभं राहायची त्यांना इतकी सवय, की मोकळ्या खोलीतही पाय जरा फाकवून, एक हात भिंतीला टेकवूनच उभ्या राहतात.

आल्यानंतर आठवडाभरातच त्यांनी चमचा घ्यायला स्वयंपाकघरातला ड्रॉवर ओढला आणि आतून एक चांगलं पोसलेलं झुरळ बाहेर आलं, ओट्यावर थांबलं, मिशा हलवल्या आणि सावकाश सिंकमागे गेलं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आई, आम्ही इथे आलो तेव्हापासूनच आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे घर त्यांचं आणि भाडं तुम्ही भरताय."

आम्ही दोघांनी केव्हाच हात टेकले होते. माझा नवरा चांगला सहा फुटांचा गडी, पण झुरळ उडालं की खुर्चीवर चढतो आणि वरून मला दिशा सांगतो. मी फवाऱ्याचा डबा घेऊन मारायची, चार दिवस बरं जायचं, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. रोज सकाळी भांडी वापरण्याआधी विसळायची सवयच लागली होती. घर असलं की झुरळं असायचीच, अशी आम्ही स्वतःची समजूत घालून घेतली होती.

सासूबाईंना समजुती घालून घेणं जमत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फवारणीवाल्याला बोलावलं. तोंडाला फडकं बांधून त्याने घराचा कानाकोपरा भिजवला, आम्ही दिवसभर नवऱ्याच्या मित्राकडे जाऊन बसलो, आणि परत आलो तेव्हा जमिनीवर नुसता खच. सासूबाईंनी स्वतः झाडू मारला. पुढचे काही दिवस घरात एक झुरळ दिसेल तर शपथ. त्यांनी ते शेजारीपाजारी ऐकवलंही.

मग समोरच्या दारातल्या शिवणवाल्या ताई आल्या. त्या घरीच शिलाईचं काम करतात आणि एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. त्या दिवशी मात्र हातात एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट घेऊन आल्या आणि चेहरा लालबुंद.

"कोट घालून बघायला ते गृहस्थ आले होते. बाहीत हात घातला आणि बाहीतून झुरळ निघालं. माझ्या घरात कधी एवढी झुरळं नव्हती. तुम्ही फवारा मारलात आणि सगळी माझ्याकडे पाठवलीत."

मला वाटलं, आता जुंपणार. पण सासूबाई म्हणाल्या, "चला, बघू दे कुठून येतायत."

तासाभराने परतल्या त्या विचारात पडूनच. ताईंनीही मग फवारा मारून घेतला. त्यानंतर चारच दिवसांत आमच्या सिंकखाली पुन्हा मिशा हलायला लागल्या. झुरळं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, आणि दोन्ही घरांत नाक चुरचुरणारा वास तेवढा कायम.

"आपण त्यांना मारत नाही आहोत, नुसतं एका घरातून दुसऱ्या घरात हाकलतोय," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून फवाऱ्याचा डबा माळ्यावर गेला.

नंतरचे काही दिवस त्या दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायच्या. हातात टॉर्च. फ्रीजच्या मागे, मिक्सरच्या बुडाशी, कपाटाच्या बिजागरीत, जिथे म्हणून उबदार अंधार असेल तिथे प्रकाश टाकून बघायच्या. तुरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी डब्या सापडल्या, त्यात अंडी असतात हे मला तेव्हा कळलं. पण खरा शोध लागला तो सिंकखाली. सांडपाण्याचा पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातो, तिथे पाइपाभोवती बोटभर फट होती. त्या फटीच्या पलीकडे सगळ्या घरांचे पाइप वरपासून खालपर्यंत एकाच अंधाऱ्या पोकळीतून गेलेले. इमारतीतलं प्रत्येक स्वयंपाकघर त्या पोकळीला चिकटलेलं. झुरळांना यापेक्षा चांगला रस्ता कोण बांधून देणार?

त्यांनी डेपोच्या कँटीनमधल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. तिथे अशीच झुरळं झाली होती आणि ती कशी गेली हे तिला आठवत होतं. बोरिक पावडर, पीठ आणि साखर एकत्र मळून छोट्या गोळ्या करायच्या, पोरंबाळं आणि मांजरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवायच्या, आणि गोळ्यांच्या जवळपास फवारा अजिबात मारायचा नाही, नाहीतर झुरळं तिकडे फिरकतच नाहीत. फटी बुजवायच्या. आणि मुख्य म्हणजे पाणी बंद करायचं. खायला नसलं तरी झुरळ बरेच दिवस तग धरतं, पाण्यावाचून धरत नाही. तेव्हा निजायच्या आधी सिंक पुसून कोरडं.

"आणि हे एका घराने करून भागत नाही," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "सगळी दारं ठोठावावी लागणार."

मी म्हटलं, "आई, लोक आपल्या घरात झुरळं आहेत हे कबूल करत नाहीत."

"बघू या."

त्यांच्याबरोबर मी गेले. पहिल्या दोन दारांवर मी म्हटलं तसंच झालं. "आमच्याकडे? छे हो. खालच्यांकडे असतील." तिसऱ्या दाराशी सासूबाईंनी पवित्रा बदलला. दार उघडताच, नमस्कार वगैरे झाल्यावर, अगदी सहज म्हणाल्या, "आमच्याकडे मिक्सरच्या खाली निघाली. फ्रीजच्या रबरात तर अख्खं कुटुंब होतं. तुमच्याकडे कुठे असतात?"

ती बाई एकदम मोकळी झाली. "अहो, आमच्याकडे तर भिंतीवरच्या कॅलेंडरमागे. काल पाहुण्यांसमोर बाहेर आलं, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं." मग तिने आम्हाला आत नेऊन सगळं दाखवलं. त्यानंतर सासूबाई पहिल्या दोन दारांवरही पुन्हा गेल्या आणि तिथेही हेच वाक्य टाकलं. मघाशी कानावर हात ठेवणारे आता आपापल्या घरातल्या जागा हिरिरीने सांगायला लागले. कुणाच्या टीव्हीत, कुणाच्या औषधांच्या खोक्यात. एकाने तर आमच्यापेक्षा आपल्याकडची मोठी आहेत असंही सांगितलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी एकदम कंबर कसली. कुणी पांढरं सिमेंट आणलं, कुणी जाळ्या. पाइपाभोवतीच्या फटी बुजल्या, गोळ्या ठेवल्या गेल्या, वर्षानुवर्षं साठवलेले पुठ्ठ्याचे खोके खाली आले. आमच्या सिंकखालची फट माझ्या नवऱ्याने बुजवली. विजारीची टोकं मोज्यांत खोचून, डोळे अर्धे मिटून, पण बुजवली.

राहिलं एकच घर. आमच्या बरोबर डोक्यावरचं.

तिथे घड्याळवाले राहायचे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, ते बंद करून आता घरीच असत. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी दार वीतभर उघडलं आणि म्हणाले, "माझ्याकडे काही नाही, बाई. मी एकटा माणूस, स्वच्छ राहतो. मला त्रास देऊ नका." दार बंद.

आणि झुरळं यायची थांबेनात. कमी झाली, पण थांबली नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठून येतायत. शिवणवाल्या ताई म्हणाल्या, घरमालकाकडे तक्रार करू, तो किल्ली लावून दार उघडेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "दार उघडेल, पण माणूस आपल्यावर कायमचा रुसेल. मी बघते."

त्यांचं ड्यूटीवरचं मनगटी घड्याळ बंद पडलं होतं. ते घेऊन त्या वर गेल्या आणि मलाही बरोबर घेतलं. घड्याळवाल्यांनी पुन्हा वीतभर दार उघडलं.

"भाऊ, झुरळांचं बोलायला नाही आले," सासूबाई म्हणाल्या. "घड्याळ बंद पडलंय. इतकी वर्षं याच्यावर गाडी सोडली, फेकवत नाही."

"मी आता काम घेत नाही."

"घेऊ नका. नुसतं हातात घेऊन सांगा, होण्यासारखं आहे की नाही."

त्यांनी घड्याळ घेतलं. कानाशी धरलं, चावी अंगठ्याने अलगद फिरवून पाहिली. "आत पाणी गेलंय," म्हणाले. मग कुणाशी तरी बरेच दिवसांनी कामाचं बोलायला मिळालं म्हणून असेल, दार पूर्ण उघडलं. "बसा. चहा टाकतो."

आम्ही बसलो. खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल होतं. चिमटे, बारीक पेचकस ओळीने मांडलेले आणि सगळ्यावर धुळीचा एकसारखा थर. भिंतीवर लाकडी पेटीचं लंबकाचं घड्याळ, तेही बंद. त्यांनी आतून दोन कप आणले, किटली आणली आणि चहा ओतताना कपाच्या काठाच्या आत बोटाचं टोक धरून ठेवलं. चहा बोटाला लागला तसे थांबले. मला ते जरा विचित्र वाटलं. मग त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

बशीच्या कडेवर झुरळ होतं. भर दुपारी, आमच्या तिघांच्या देखत. घड्याळवाल्यांच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर. माझ्या तोंडून किंचाळी फुटणार तोच सासूबाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. घड्याळवाले बशी तशीच धरून हसतमुखाने म्हणाले, "घ्या ना. ताजी आहेत."

सासूबाईंनी बशी हळूच त्यांच्या हातातून घेतली, बाजूला ठेवली. झुरळ उतरून गेलं. मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि सगळा चहा प्यायल्या. मला नाही जमलं.

कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला दिसत नाही ना?"

मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देतील. घड्याळवाले सासूबाईंच्या घड्याळाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"सावल्या दिसतात," अखेर ते म्हणाले. "दार कुठे, खिडकी कुठे, माणूस उभा आहे की बसलाय, एवढं कळतं. बारीक काम गेलं तेव्हा दुकान बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं सगळ्यांना."

"मुलीला माहितीये?"

"नाही. तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईल मला. या घरात मला कशाचीही अडचण नाही, बाई. कुठली वस्तू कुठे आहे ते हाताला माहीत आहे. तिच्या घरी मी नुसता एका खोलीत बसून राहीन."

"डॉक्टरला दाखवलंत?"

त्यांनी किटलीचं झाकण चाचपून नीट बसवलं.

"दाखवलंत का?"

"दाखवलं आणि तो म्हणाला काही करता येणार नाही, तर? दाखवलं नाही तोवर निदान तेवढं तरी ऐकायला लागत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "हे मी समजू शकते. पण आता दुसरं सांगते, ते ऐका. तुमच्या घरात झुरळं आहेत. थोडीथोडकी नाहीत. तुम्हाला दिसत नाहीत म्हणून सांगतेय, नावं ठेवायला नाही. आत्ता बशीवर एक होतं."

त्यांचा चेहरा असा उतरला, की मला खाली बघावं लागलं. खूप हळू आवाजात ते म्हणाले, "पावाच्या कागदाचा आवाज येतो कधीकधी. मला वाटायचं, वारा."

"वारा नव्हे."

"आणि मी तुम्हाला त्यातलं बिस्किट देत होतो."

"मी खाल्लं नाही," सासूबाई म्हणाल्या. "चहा मात्र फक्कड होता."

तेव्हा ते हसले. मग मात्र त्यांनी एक अट घातली. घर साफ करा, काय हवं ते करा, पण एकही वस्तू जागची हलता कामा नये. साखरेचा डबा चार बोटं सरकला तरी त्यांना साखर सापडायची नाही. मुलगी मागे एकदा येऊन हौसेने आवरून गेली होती, तर पुढे कितीतरी दिवस ते स्वतःच्याच घरात चाचपडत होते आणि तिला ते सांगताही येत नव्हतं.

आता स्वयंपाकघर साफ करायचं म्हणजे सगळं उचलायचं, आणि काहीच हलवायचं नाही. आम्ही दोघी दारात उभ्या राहून नुसत्या बघत राहिलो. तोड काढली शिवणवाल्या ताईंनी. तक्रार करू म्हणणाऱ्या त्याच. सासूबाईंनी त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा त्या जरा वरमल्या, आत गेल्या आणि कापडावर खुणा करायचा खडू घेऊन आल्या. प्रत्येक डब्याभोवती, बरणीभोवती, भांड्याभोवती त्यांनी आधी खडूने रेघ आखली. मगच डबा उचलायचा, धुवायचा, रेघेच्या आतलं पुसायचं, पुसट झालेली रेघ पुन्हा ओढायची आणि डबा नेमका तिथेच. फळ्यांवर नुसते गोल आणि चौकोन. घड्याळवाले खुर्चीवर बसून सांगायचे, "आता हात लावलात तो मिठाचा." आवाजावरून ओळखायचे.

जे निघालं ते सगळं सांगत नाही, जेवणाच्या वेळेला वाचत असाल. पिठाच्या डब्यात किडे. कपाटाच्या मागे तपकिरी डब्यांची रांगच्या रांग. लंबकाच्या घड्याळाची पेटी सासूबाईंनी उघडली आणि झटकन मिटली. तेवढं एकच घड्याळ घड्याळवाल्यांच्या परवानगीने गॅलरीत नेऊन झटकलं. आणि सिंकखाली नळ ठिबकत होता. खाली ठेवलेलं घमेलं काठोकाठ भरलेलं. अख्ख्या इमारतीची झुरळं पाणी प्यायला इथे येत असणार. माझ्या नवऱ्याला बोलावलं, पुन्हा मोजे, आणि या वेळी पाना.

"ठिबकतोय ते मला ऐकू यायचं," घड्याळवाले म्हणाले. "मुद्दामच दुरुस्त नाही केला. घड्याळं सगळी बंद पडलेली. घरात काहीतरी टिकटिकतंय, एवढंच बरं वाटायचं."

नवऱ्याने पाना थांबवून सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "नळ बंद करच. टिकटिकायला दुसरं काहीतरी आणू."

दुसऱ्या दिवशी आमच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे गेलं. मी नोकरीला जाताना आता मोबाइलमध्ये वेळ बघते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सासूबाई त्यांना जवळजवळ ओढूनच घेऊन गेल्या. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगलाच पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईल, उशीर केलात पण वेळ गेलेली नाही. बाहेर आल्यावर घड्याळवाले दवाखान्याच्या पायरीवर खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. सासूबाईही शेजारी बसल्या. नंतर मला म्हणाल्या, "त्यांना रडायचं होतं. मी रस्त्याकडे बघत होते."

मुलीला फोन घड्याळवाल्यांनी स्वतः केला. ती धावत आली, आधी बापावर चिडली, मग आमच्यावर, आम्ही आधी का नाही कळवलं म्हणून. घरात शिरली आणि फळ्यांवरच्या खडूच्या रेघा बघून थबकली. हे काय, म्हणून तिने विचारलं. शिवणवाल्या ताईंनी सांगितलं. त्या दिवशी बापाला चहा करून दिल्यावर तिने साखरेचा डबा अगदी बरोबर रेघेत ठेवला. ऑपरेशन होईपर्यंत ती राहिली, मग दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पुन्हा आली. घेऊन जायचा विषय तिनेही काढला नाही, त्यांनीही नाही.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघून घड्याळवाले घरी आले तेव्हा आम्ही सगळे जिन्यात होतो. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, मग त्यांच्या मागे कुणी आहे का ते बघितलं.

"कंडक्टरीणबाई तुम्हीच?"

"मीच की."

"आवाजावरून चांगल्या उंच असाल असं वाटलं होतं."

जिन्यात हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांनाच वाटतं. त्यावरच नोकरी काढली."

मग ते स्वयंपाकघरात गेले. इतके दिवस हाताला ठाऊक असलेल्या वस्तू डोळ्यांनी बघत एकेका फळीशी उभे राहिले. आम्ही बाहेर थांबलो. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, जरा तक्रारीचाच. "बाई, इथे कोपऱ्यात एक मेलेलं राहिलंय."

"उचला आता तुमचं तुम्ही," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "दिसतंय ना?"

इमारतीतली झुरळं संपली का? तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाजीच्या पिशवीतून, खोक्यातून एखादं येतंच. पण पूर्वीसारखं कुणी ते लपवत नाही. ज्याला दिसेल तो जिन्यात सांगतो, सगळे आपापल्या गोळ्या बदलतात, सिंकखाली डोकावतात, की झालं. घड्याळवाल्यांनी घरीच थोडं काम घ्यायला सुरुवात केली आहे. आणि आमच्या घरात माझा नवरा अजूनही खुर्चीवर चढतो. पण हल्ली चढण्याआधी टॉर्च घेऊन ते कुठून आलं ते बघतो.

परवा मागच्या इमारतीतल्या दोघी बायका सासूबाईंना शोधत आल्या. दारातच घुटमळत होत्या, बोलायची लाज वाटत होती. शेवटी एकीने आवाज खाली करून सांगितलं. झुरळं नाहीत, ढेकूण झालेत. गादीत, पलंगाच्या सांध्यात, आता सोफ्यातही.

सासूबाईंनी मान हलवली. "ढेकणांना गोळ्या चालत नाहीत. त्यांचं सगळंच वेगळं. गाद्या तापवाव्या लागतील." त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि टॉर्च आणायला मला हाक मारली. मग त्या दोघींना म्हणाल्या, "आमच्याकडेही एकदा झाले होते, डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत. तुमच्याकडे नेमके कुठे निघाले ते चालता चालता सांगा."